‘म्हणून’ तपासून घ्या : बाजारातील फसव्या युक्तिवादांची ओळख

व्यापारात माणूस दोन प्रकारे फसतो. पहिल्या प्रकारात समोरचा सरळ खोटे सांगतो आणि आपण विश्वास ठेवतो. दुसऱ्या प्रकारात समोरचा एकही शब्द खोटा बोलत नाही. सांगितलेले सर्व काही खरे असते, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा असतो. पहिल्या प्रकाराबाबत आपले व्यापारी बंधू सावध असतात. नोट उजेडात धरून पाहतात, कापडाचा धागा जाळून पाहतात, लाकडावर नख ओढून पाहतात. दुसऱ्या प्रकाराची पारख मात्र आपल्याला कोणी शिकवत नाही. जमा पुंजी जाते, भागीदारी तुटते, चांगला कारीगर सोडून जातो, यामागे अनेकदा असाच एखादा फसवा युक्तिवाद असतो.

ही पारख नवीन नाही. आपल्या मदरशांतून शिकवल्या जाणाऱ्या ‘मंतिक’ या विषयात फसव्या युक्तिवादाला ‘मुगालता’ म्हणतात. भारतीय न्यायशास्त्रात त्याच्या जवळची कल्पना ‘हेत्वाभास’ या नावाने आहे. म्हणजे कारणासारखे दिसणारे, पण कारण नसलेले. इमाम गझाली (मृत्यू इ. स. ११११) यांनी तर्काचे नियम समजावणाऱ्या आपल्या एका ग्रंथाला ‘अल-किस्तास अल-मुस्तकीम’, म्हणजे बिनचूक तराजू, असे नाव दिले. काट्यात खोट असेल तर माल कितीही चांगला असो, वजन चुकणारच.

उल्हासनगर कॅम्प २ सारख्या बाजारात ही पारख रोज लागते. गजानंद मार्केटमधील कपडा, जपानी बाजारातील गर्दी, फर्निचरची दुकाने आणि शिलाईचे कारखाने यांत दिवसभर दोनच गोष्टी चालतात : माल आणि बोलणे. माल पारखायचे शिक्षण उस्तादाकडून मिळते. बोलणे पारखण्यासाठी एक सोपा नियम लक्षात ठेवावा : वाक्ये ऐका, आणि मग त्यांना जोडणारे ‘म्हणून’ तपासा. सुतार कपाट पाहताना फळी पाहतोच, पण सांधा हलवून पाहतो. फळ्या चांगल्या आणि सांधा कच्चा असेल तर कपाट उभे राहत नाही. युक्तिवादात ‘म्हणून’ हा सांधा होय. आता बाजारात वारंवार भेटणारे आठ कच्चे सांधे पाहू.

१) शब्द एक, अर्थ दोन

उल्हासनगरची ‘मेड इन यूएसए’ची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. मालावर ‘यूएसए’ छापायचे आणि कोणी विचारले तर “उल्हासनगर सिंधी असोसिएशन” असे उत्तर द्यायचे! गमतीचा भाग सोडून यातील युक्तिवाद पाहा. “यूएसएचा माल टिकाऊ असतो. या मालावर यूएसए लिहिले आहे. म्हणून हा माल टिकाऊ आहे.” पहिल्या वाक्यात यूएसए म्हणजे अमेरिका, दुसऱ्यात गल्लीतील कारखाना. शब्द तोच राहिला, अर्थ मध्येच बदलला.

हाच प्रकार आजही चालतो. “सागवानी कपाट” म्हणून विकलेल्या वस्तूत पुष्कळदा प्लायवर सागाचा पातळ पापुद्रा असतो. विकणारा म्हणतो, साग आहेच. घेणारा समजतो, कपाट सागाचे आहे. “गॅरंटी” या शब्दाचेही तसेच. गिऱ्हाईक समजते वस्तू बदलून मिळेल, दुकानदाराच्या मनात असते फक्त दुरुस्ती. यावर उपाय म्हणजे शब्दाचा अर्थ सौद्याआधी बोलून घ्यावा आणि बिलावर लिहावा : “टीक प्लाय, आत साधे लाकूड” किंवा “एक वर्ष मोफत दुरुस्ती, बदली नाही”. यात आपलाही फायदा आहे. दुसऱ्याच्या नावाचा शिक्का मारून विकलेला माल कितीही चांगला निघाला, तरी त्याचे नाव आपल्या कारीगराला मिळत नाही.

२) उलटे फिरवलेले ‘म्हणून’

न्यायशास्त्रातील जुने उदाहरण आहे : जेथे धूर तेथे अग्नी. हे खरे. पण जेथे अग्नी तेथे धूर, हे खरे नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. आपल्या शिलाई कारखान्यातील कोळशाच्या इस्तरीचेही तसेच. निखारे फुललेले असतात, धूर नसतो. तेव्हा ‘हे असेल तर ते असते’ यावरून ‘ते आहे म्हणून हे आहे’ असे निघत नाही.

आता हा युक्तिवाद पाहा : “खरा धंदा वेळेवर नफा देतो. ही कंपनी वेळेवर नफा देते. म्हणून हिचा धंदा खरा आहे.” नव्या ठेवीदाराच्या पैशातून जुन्याला नफा देणारी कंपनीसुद्धा, नवे पैसे येत असेपर्यंत, वेळेवर देते. बंगळुरूच्या आयएमए या संस्थेने ‘हलाल’ गुंतवणुकीच्या नावाखाली हजारो मुस्लिम कुटुंबांच्या ठेवी घेतल्या आणि जून २०१९ मध्ये तिचा प्रमुख देश सोडून गेला. जानेवारी २०२५ मध्ये ‘टोरेस’ या नावाने चाललेल्या दागिन्यांच्या दुकानांचा प्रकार उघडकीस आला. दर आठवड्याला परतावा देण्याचे आमिष होते. दादरप्रमाणे आपल्या शेजारच्या कल्याणातही दुकान होते. छोट्या विक्रेत्यांचे आणि नोकरदारांचे पैसे त्यात अडकले. “मला स्वतःला सहा महिने मिळाले आहेत” असे सांगणारा शेजारी खोटे बोलत नव्हता. त्याचे वाक्य खरे होते, ‘म्हणून’ खोटे होते.

येथे प्रश्न विचारावा : नफा येतो कोठून? कोणता माल, कोणाला, किती मार्जिनने विकला जातो? साधी आकडेमोडही करावी. आठवड्याला ६ टक्के म्हणजे ५२ आठवड्यांचे ३१२ टक्के. कपड्याच्या कोणत्या धंद्यात वर्षाला भांडवलाच्या तिप्पट नफा सुटतो, हे आपल्यापेक्षा चांगले कोणाला ठाऊक असणार?

३) नंतर घडले, म्हणून त्यामुळे घडले

“नवा सेल्समन ठेवला आणि विक्री पडली. म्हणून त्याच्यामुळेच पडली.” समजा, एका तयार कपड्यांच्या दुकानदाराने एप्रिल २०२५ च्या विक्रीची तुलना एप्रिल २०२४ च्या विक्रीशी केली आणि मोठी घट पाहून सेल्समनला काढले. आता कॅलेंडर पाहा. २०२४ मध्ये ईद-उल-फित्र ११ एप्रिलला होती, म्हणजे एप्रिलचे पहिले दहा दिवस रमजानची शेवटची, सर्वांत जोराची खरेदी होती. २०२५ मध्ये ईद ३१ मार्चला झाली. त्या वर्षी एप्रिलमध्ये रमजानचा एकही दिवस नव्हता. सेल्समनचा काय दोष?

हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते, म्हणून रमजान दर वर्षी १०–११ दिवस अलीकडे सरकतो. ज्यांचा धंदा ईदच्या गिऱ्हाइकावर आहे त्यांनी एप्रिलची तुलना एप्रिलशी न करता रमजानची रमजानशी करावी. त्याचप्रमाणे दुकानाचे दार बदलले, गल्ला उजवीकडे नेला आणि विक्री वाढली, तर आधी पाहावे की लग्नसराई सुरू झाली होती का, शेजारचे दुकान बंद होते का. एक कारण दिसले की दुसरे शोधायचे थांबू नये.

४) सगळेच करतात

“बाजारात सगळेच बिनबिलाचा माल घेतात, म्हणून आपणही घेतला तर काय बिघडले?” हा युक्तिवाद आपल्या शहराने फार मोठ्या प्रमाणावर करून पाहिला आहे. मुंबई उच्च न्यायालयात उल्हासनगरच्या ८५५ बेकायदा इमारतींचा प्रश्न गेला, त्या पाडण्याचे आदेश झाले, आणि २००६ मध्ये राज्य सरकारला अशी बांधकामे नियमित करण्यासाठी खास कायदा करावा लागला. अनेकांनी यातून धडा घेतला की पुष्कळांनी मिळून केले की चालून जाते.

पण यात दोन वेगळे प्रश्न मिसळले आहेत. सरकार कारवाई करील की नाही, हा एक प्रश्न. बांधकाम मजबूत आहे की नाही, हा दुसरा. संख्येमुळे पहिल्याचे उत्तर बदलू शकते, दुसऱ्याचे नाही. कागद नियमित झाला म्हणून पिलरमधील सळई जाड होत नाही.

५) आजवर काही झाले नाही

२८ मे २०२१ च्या रात्री कॅम्प २ मधील नेहरू चौक भागात एका पाच मजली इमारतीत वरचा स्लॅब खालच्यावर कोसळत तळापर्यंत आला. ७ जणांचा मृत्यू झाला. त्याआधी त्याच महिन्यात कॅम्प १ मध्येही स्लॅब कोसळून जीव गेले होते. जुन्या इमारतींत राहणाऱ्या, तेथेच गाळा किंवा कारखाना चालवणाऱ्या माणसाच्या तोंडी एक वाक्य नेहमी असते : “इतकी वर्षे काही झाले नाही, म्हणून पुढेही होणार नाही.”

पहिला भाग खरा आहे. पण स्लॅबच्या बाबतीत वर्षे जाणे हा मजबुतीचा पुरावा नसून बहुधा झिजेचा हिशेब असतो. गळतीचे पाणी सळईपर्यंत पोहोचते, सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे आतून दाब येऊन काँक्रीट फुटते आणि छताचा पोपडा पडतो. आपण त्यावर प्लास्टर मारतो आणि वर पुन्हा तेच वाक्य बोलतो. पोपडा पडून गंजकी सळई दिसणे ही वरवरच्या डागडुजीची नव्हे, इंजिनियरला बोलावण्याची वेळ आहे. ३० वर्षांहून जुन्या इमारतींची रचनात्मक तपासणी करून घेणे कायद्यानेही बंधनकारक आहे. गाळा भाड्याचा असला तरी मालकाकडे आणि सोसायटीकडे तपासणीचा कागद मागावा. त्या गाळ्यात आपला माल असतो, आणि रात्रपाळीचे कारीगर बहुधा तेथेच झोपलेले असतात.

हेच वाक्य कारखान्यातील उघड्या वायरबद्दल, जिन्यात रचलेल्या कापडाच्या गठ्ठ्यांबद्दल आणि बंद पडलेल्या आगीच्या सिलिंडरबद्दलही ऐकू येते. तेथेही ते तितकेच कच्चे आहे.

६) एकावरून सगळे

“त्या गावच्या एका गिऱ्हाइकाने पैसे बुडवले, म्हणून त्या गावचे सगळेच बुडवे.” गावाच्या जागी जात, धर्म किंवा प्रांत घाला, की रोज कानावर पडणारे वाक्य तयार होते. उल्हासनगर हे फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनी लष्करी छावणीच्या बराकींत वसवलेले शहर. येथे सिंधी शेठ, उत्तर प्रदेशचा शिलाई कारीगर, मराठी गिऱ्हाईक आणि मुस्लिम सुतार एकाच गल्लीत धंदा करतात. “ते लोक असेच” हे वाक्य प्रत्येक जण दुसऱ्याबद्दल बोलतो. आपल्याला भाड्याने गाळा नाकारला जातो तेव्हा या युक्तिवादातील अन्याय आपल्याला लगेच दिसतो. आपणच तो दुसऱ्याला लावतो तेव्हा मात्र तो अनुभवाचा बोल वाटतो!

बुडवलेला एक लक्षात राहतो, वेळेवर देणारे दहा विसरले जातात. उपाय घरातच आहे. खतावणी उघडावी आणि मोजावे : त्या गावची एकूण किती खाती, त्यांतील किती थकली? वहीचा आकडा रागावत नाही.

७) दोनच वाटा

उल्हास आणि वालधुनी नद्यांच्या प्रदूषणाचे प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे गेले, २०१५ मध्ये त्याचा निकाल आला, आणि पुढे उल्हासनगरातील जीन्स धुलाईच्या कारखान्यांवर ते बंद करण्याची कारवाई झाली. तेव्हा नाक्यानाक्यावर एकच वाद होता : “नदी वाचवायची की रोजी?” धुलाई कामगाराची रोजी हा खरा प्रश्न होता. नदीचे काळे-निळे पाणीही खरे होते. खोटे होते ते ‘दोहोंपैकी एकच’. सांडपाणी शुद्ध करण्याचे सामाईक केंद्र, पाणी पुन्हा वापरणारी यंत्रे, धुलाई एका ठिकाणी हलवणे या वाटा खर्चाच्या होत्या, पण होत्या. दोनच वाटांच्या भांडणात त्यांचा खर्च कोणी उचलावा, हा कामाचा प्रश्न मागे पडला आणि कामगार मात्र बेकार झाला.

दुकानातही “आजच घ्या, नाही तर सौदा गेला” असे कोणी म्हणाले की तिसरी वाट शोधावी. थोडा माल आज, बाकीचा पुढच्या आठवड्यात, असे म्हणून पाहावे.

८) माणूस पाहून मुद्दा तोलणे

शिकाऊ पोरगा म्हणतो, “उस्ताद, या मशीनला करंट लागतो.” उत्तर मिळते, “कालचा पोर तू, मला शिकवतोस?” पोरगा कालचा आहे हे खरे. पण करंट वय पाहून लागत नाही. टेस्टर लावून पाहता येण्याजोग्या गोष्टीत बोलणाऱ्याची लायकी काढणे हा मुगालता होय. याच्या उलट, “शेठ एवढे मोठे, म्हणून त्यांचे मापही बरोबर” हाही तोच दोष. माप फूटपट्टीने ठरते.

येथे एक फरक ध्यानात ठेवावा. उधार देताना आपण माणूस पाहतो, त्याची आधीची देवघेव विचारतो. ते योग्यच आहे, कारण तेथे प्रश्नच त्याच्या शब्दाचा असतो. जेथे केवळ शब्दावर चालायचे तेथे माणूस पाहावा. जेथे वस्तू समोर आहे तेथे वस्तू पाहावी.

चार प्रश्न

कोणताही मोठा निर्णय घेण्यापूर्वी समोरच्याचे आणि स्वतःचेही बोलणे कागदावर दोन-तीन ओळींत लिहावे, ‘म्हणून’ खाली रेघ मारावी आणि विचारावे :

• यातील मुख्य शब्दाचा अर्थ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच आहे का?
• ‘म्हणून’च्या अलीकडचे सर्व खरे असूनही पलीकडचे खोटे असू शकेल का? तसे एक उदाहरण सुचते का?
• दुसरे कारण किंवा तिसरी वाट राहिली आहे का?
• मी वस्तू, आकडा आणि वही पाहत आहे, की गर्दी, ओळख आणि राग?

शेवटी एक इशारा. कोणाच्या युक्तिवादात दोष सापडला म्हणून त्याचा निष्कर्ष खोटाच आहे, असे समजू नये. चुकीच्या कारणाने माणूस बरोबर गोष्टही सांगतो. दोष सापडला याचा अर्थ इतकाच की हे कारण पुरेसे नाही, दुसरे मागा. आणि ही पारख भागीदाराला किंवा भावाला चारचौघांत गप्प करण्यासाठी वापरू नये. त्याने वाद जिंकता येतो, धंदा मात्र मोडतो.

सराव

खालील युक्तिवादांतील दोष आधी स्वतः ओळखावा, मग उत्तर पाहावे.

(अ) “नावाजलेला क्रिकेटपटू या शिलाई मशीनची जाहिरात करतो, म्हणून मशीन टिकाऊ आहे.”

(आ) “या पार्टीकडे माझे चाळीस हजार अडकले आहेत. म्हणून आणखी वीस हजारांचा माल द्यावाच लागेल, नाही तर आधीचेही जातील.”

(इ) “तू हिशेब मागतोस, म्हणजे तुझा माझ्यावर विश्वास नाही.”

उत्तरे : (अ) आठवा प्रकार. क्रिकेटपटूचे कौशल्य मैदानावरचे. मशीनबद्दल ती सहा महिने चालवणाऱ्या कारीगराला विचारावे.

(आ) अडकलेली रक्कम नवा माल देण्याचे कारण होत नाही. शिवाय दोनच वाटा धरल्या आहेत. हप्ता बांधून घेणे ही तिसरी वाट आहेच. स्वतःला विचारावे : हीच पार्टी आज पहिल्यांदा दुकानात आली असती आणि तिची आजची स्थिती मला ठाऊक असती, तर मी वीस हजारांची उधारी दिली असती का? उत्तर ‘नाही’ असेल तर माल रोखीनेच द्यावा.

(इ) विश्वास किंवा हिशेब, अशा दोनच वाटा धरल्या आहेत. हिशेब मागण्याचे कारण संशयच असते असे नाही. विसरणे, वारस, कर आणि कर्ज यांसाठीही हिशेब लागतोच. भागीदारीच्या पहिल्याच दिवशी ठरवावे की दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला रोजमेळ आणि खतावणी दोघांनी मिळून पाहायची आणि दोघांनी सही करायची. मग हिशेब मागण्याची पाळीच कोणावर येत नाही.